दोन रवे कमी

सातवा रवा ठेवला तरी पारडं हललं नाही.

मी ज्या पारड्यात मांडी घालून बसले होते ते देवळाच्या फरशीला चिकटून बसलं होतं. समोरच्या पारड्यात दहा-दहा किलोचे गुळाचे सात रवे रचले होते, पिवळेधमक, ताज्या रसाचा वास येणारे, आणि ते पारडं निवांत हवेत लटकत होतं. गुरव वर बघत होता, आमचे हे खाली बघत होते, सासूबाई देवीकडं बघत होत्या. माझ्याकडं बघायला गावातली बाकीची तीन-चारशे माणसं होती.

"अगं बाई!" माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, सगळ्या सभामंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अडुसष्ट म्हणाली होती गं! आता काय, अख्खं गुऱ्हाळ वर आणायचं का?"

आधी बायका हसल्या, मग त्यांच्या कडेवरची पोरं हसली. शेवटी ढोलवाले पण हसले, आणि त्यांना तर काय झालंय हे दिसतसुद्धा नव्हतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मला टायफॉईड झाला, अगदी जाते की राहते अशी वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी टेकडीवरच्या टेकाईला नवस बोलला, की सून उठली तर तिची गूळतुला करीन. मी उठले. तेव्हा लगेच नवस फेडला असता तर सहा रव्यांत भागलं असतं. पण एका चैत्रात सुतक आलं, आणि मधल्या काळात 'पोरगी मरणाच्या दारातून आली' म्हणून सगळ्यांनी मला असं खाऊ घातलं, आणि मीही असं खाल्लं, की विचारू नका. गुळाची जबाबदारी अक्कांकडं होती. त्यांनी विचारलं, "किती गं तुझं वजन? त्या हिशोबानं सांगते दुकानदाराला." मी अडुसष्ट म्हणाले. चौतीस वर्षांची बाई आपलं वजन खरं सांगत नाही, आणि अक्का तर बांबूच्या काठीसारख्या. त्यांच्यासमोर नव्वदीचा आकडा तोंडातून निघेना.

आमच्याकडं रीत अशी, की तुलेला बसलेल्या माणसानं पारडी समान होईपर्यंत उठायचं नाही. पाय जमिनीला लागला तर नवस मोडला. गूळ कमी पडला तर गूळ येईपर्यंत बसायचं. हे दोनशे बारा पायऱ्या उतरून, खाली लावलेली लूना काढून बाजारात गेले.

अक्का माझ्या कानाशी वाकल्या. "हलू नको हं, कुमुद. हललं की नवस मोडतो."

सभामंडपात कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं घड्याळ होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी हे गेले आणि दहा पन्नासला दोन रवे खांद्यावर घेऊन आले. चाळीस मिनिटं मी त्या पारड्यात होते. जत्रेला आलेली माणसं देवीचं दर्शन घ्यायची, मग माझं घ्यायची. एका म्हातारीनं तर मला हळदकुंकू लावलं. नववा रवा ठेवल्यावर पारडं कुरकुरलं, आणि वर किलोभर गुळाचा तुकडा टाकल्यावर एकदाचं उठलं. म्हणजे एक्क्याण्णव. गुरवानं तो आकडा मोठ्यानं सांगितला, कारण तीही रीतच आहे.

त्या दिवशी पायऱ्या उतरताना मी ठरवलं, की ह्या बाईला मी ह्याच तराजूत बसवीन. कसं ते माहीत नव्हतं. पण त्याआधी मला बारीक व्हायला हवं होतं, कारण एक्क्याण्णव किलोची बाई दुसऱ्या बाईला हसली तर लोक पहिलीलाच हसतात.

मग मी व्यायाम शोधायला लागले. लग्नाला स्थळं बघतात तसे मी व्यायाम बघितले.

पहिल्यांदा हायस्कुलाच्या मैदानावर चालायला गेले. तिथं निवृत्त शिक्षिकांचा एक घोळका होता. त्या दोन फेऱ्या मारायच्या, मग पिंपळाच्या पारावर बसून भडंग खायच्या आणि सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. महिन्याभरात माझं वजन एका किलोनं वाढलं आणि गावातल्या सगळ्या सुनांची माहिती झाली. मग मंगल कार्यालयात योगाचं शिबिर लागलं. तिथं शवासनात मला अशी झोप लागली की घोरण्याच्या आवाजानं शेजारच्या बाईचं ध्यान मोडलं. बाजारात एकानं नवीन यंत्र आणलं होतं. कमरेला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, की अंग थडथड हलायचं. पंधरा दिवस मी नुसती हलत होते, वजन होतं तिथंच होतं. शेवटी माडीवर दोरीच्या उड्या मारायला लागले. तिसऱ्या दिवशी खालून सासूबाईंची हाक आली, "कुमुद, ताकात माती पडतीया गं. घर पाडतीस का?"

अक्का तेव्हा ताक घुसळत होत्या. त्यांनी ताकातला मातीचा खडा काढून मला दाखवला आणि हसल्या.

आमच्या परसाच्या मागं हिंदुराव वस्ताद राहायचे. सत्तरी उलटलेली, कान मोडलेले, एके काळी त्यांनी नामांकित मल्ल तयार केलेले. तालमीत बाईमाणसाला जायची सोय नव्हती, पण वस्ताद संध्याकाळी आपल्या गोठ्याच्या दारात बसायचे. मी वाटीभर आमटी न्यायचं निमित्त काढून गेले आणि सरळ विचारलं.

"वस्ताद, वजन उतरवायला सगळ्यात चांगला व्यायाम कुठला?"

"माझ्याकडं समदी वजन वाढवायला येत्यात. उतरवायला तूच पयली." त्यांनी आमटी हुंगली. "कशापायी उतरवायचंय?"

"तब्येतीसाठी."

"खोटं बोलतीस. तब्येतीसाठी व्यायाम करनारी मानसं चौथ्या दिवशी दिसत न्हाईत. खरं सांग."

"एकीला दाखवायचंय."

वस्ताद हसले. तोंडात एकच दात होता, पण हसणं दिलखुलास. "आता बोललीस. मग सोप्पं हाय. पैलवान ज्या मैदानात पडतो त्याच मैदानात फिरून उतरतो. तुझं मैदान कुठलं?"

"देऊळ."

"गूळ किती कमी पडला हुता?"

सगळ्या गावाला माहीत होतं, त्यांनाही होतं. तरी माझ्या तोंडून वदवून घेतलं. "दोन रवे."

"त्यातला एक पिशवीत घाल, खांद्याला लाव आन् रोज चढ. दोन्ही एकदम घ्यू नगंस, गुडघं जातील. पयला म्हैना अर्ध्यातनं उतर. रातची भाकरी अर्धी कर. आन् एक ध्येनात ठेव," त्यांनी बोट रोखलं, "राग उधळून टाकू नगंस. चैत्रापातूर पुरवून वापर."

घरी येऊन मी कोठीची खोली उघडली. कोपऱ्यात दोन रवे होते, कापडात गुंडाळलेले. घरचा वर्षाचा गूळ दुसऱ्या फळीवर होता, हे दोन वेगळे. तुलेच्या वेळी दुकानदारानं जादा दिले असतील असं वाटून मी त्यातला एक उचलला. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातला, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला लागले.

साठाव्या पायरीला डोळ्यांपुढं काजवे चमकले. शंभराव्या पायरीला मी बसले आणि रवा मांडीवर घेऊन रडले. पण उठताना अक्कांचा आवाज आठवला. 'अख्खं गुऱ्हाळ वर आणायचं का?' मी ते वाक्य पायऱ्यांवर टाकत टाकत चढायला लागले, एका पायरीला एक शब्द. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. असा जप मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नाही. पावसाळ्यात गुळाला पाझर फुटला, पिशवीतून चिकट पाणी पाठीवर उतरायचं आणि मुंग्या रांग लावून माझ्यामागं यायच्या. मी कापड बदलायची आणि चढायची. लोकांना वाटायचं नवसाचं उरलंसुरलं काही फेडते आहे. सासूबाई तर कौतुकानं सांगायच्या, "माझी धाकटी देवभोळी हाय."

दिवाळीपर्यंत बारा किलो गेले. वाण्याच्या काट्यावर दर एकादशीला मी वजन करायची आणि कुणाला सांगायची नाही.

आता अक्कांची गोष्ट.

त्या श्रावणात अक्कांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दवाखान्यात, मग घरी. ताई-माई कुणी नव्हतं, माहेर तुटलेलं. सगळं माझ्यावर आलं. मला पारड्यात बसल्या बसल्या जो रस्ता दिसत नव्हता तो देवीनं आपणहून दाखवला.

मी अक्कांची अशी सेवा केली की गावानं तोंडात बोटं घातली. सकाळी अळिवाची खीर, दहा वाजता डिंकाचा लाडू, जेवणात वरणावर तुपाची धार, दुपारी शिरा, रात्री झोपताना खारीक घातलेलं दूध. "घ्या अक्का, अंगात रक्त नाही तुमच्या," म्हणायचं आणि वाटी पुढं करायची. आधी त्या नको म्हणायच्या. महिन्याभरानं मागायला लागल्या.

"कुमुद, तुझ्या हाताला काय चव आहे गं," एकदा त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी आत जाऊन अजून एक लाडू आणला.

घरात काटा नव्हता आणि नऊवारीला माप नसतं. भीती फक्त पोलक्यांची होती. ती अंगाला आवळायला लागली की बाईला कळतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी त्यांची धुतलेली पोलकी मी इस्त्रीच्या निमित्तानं घ्यायची आणि बगलेची एकेक शिवण उसवायची. आमचा शिंपी पोलक्याला आत चार-चार दाबाच्या शिवणी ठेवायचा. चारही मी वापरल्या. अक्कांना शेवटपर्यंत पोलकं घट्ट झालं नाही.

माघात अक्कांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. त्या हिंडत्या-फिरत्या झाल्या होत्या, पण लवकर दमायच्या.

"कुमुद, तू केवढी उतरलीस गं. मला पण जरा सुस्ती आल्यागत वाटतंय. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू व्यायाम सुरू करा. कुठला चांगला असतो?"

दोन-तीन महिने मी ह्याच प्रश्नासाठी दारोदार हिंडले होते. उत्तर माझ्या पोटऱ्यांत होतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

"तुम्ही कसला व्यायाम करताय अक्का? पोटावर टाके आहेत. सावकाश चालायचं, ह्या दारापासून त्या दारापर्यंत. पायऱ्या चढायच्या नाहीत. पायऱ्या तर अजिबात नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. मग म्हणाल्या, "एकदा चढायच्या आहेत मात्र. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी टेकाईला नवस बोललेय. वाचले तर गूळतुला."

मी त्यांचा हात अजून घट्ट धरला.

"किती रवे सांगू?" मी विचारलं. आता गुळाची जबाबदारी माझी होती.

"पाच पुरे. माझं काय, पन्नास-बावन्न. लग्नात होतं तेवढंच आहे."

मी दुकानदाराला पाच सांगितले. खोटं मी बोलले नव्हते, ज्याचं वजन त्यानंच सांगितलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी कोठीतले दोन रवे, एक वर्षभर माझ्या खांद्यावर बसून झिजलेला आणि एक त्याचा जोडीदार, दोन खेपांत वर नेले. देवळाच्या आवारात ओवऱ्या आहेत. तिसऱ्या ओवरीत जुनी पालखी ठेवलेली असते, तिच्याखाली मोठा पेटारा. पेटाऱ्याच्या मागं मी दोन्ही रवे सारले. माझं वजन तेव्हा एकोणसत्तर होतं.

जत्रेच्या दिवशी अक्का त्यांच्या यजमानांच्या, आमच्या थोरल्या भावजींच्या, खांद्याचा आधार घेत, चार ठिकाणी बसत वर आल्या. अंजिरी रंगाचं नऊवारी, नथ, गजरा. पारड्यात बसल्या तेव्हा साखळ्या कुरकुरल्या. पाचवा रवा ठेवला. पारडं हललं नाही.

मी वर्षभर ज्याची वाट बघितली ती शांतता सभामंडपात पसरली. अक्कांच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता उतरला. त्यांनी आधी रवे मोजले. मग स्वतःच्या मांडीकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"अगं बाई!" मी म्हणाले. आवाज खणखणीत निघाला, वर्षभराचा रियाज होता. "पन्नास म्हणाल्या होत्या हो! आता काय, अख्खं गुऱ्हाळ वर आणायचं का?"

लोक हसले. गेल्या वर्षी हसले होते त्यापेक्षा जोरात हसले, कारण बऱ्याच जणांना ते वाक्य आठवलं. माझे कान त्या हसण्यानं गार झाले. मला फार बरं वाटलं. आजही खोटं सांगणार नाही, फार बरं वाटलं.

भावजी पायताण शोधायला लागले. त्यांना गुडघेदुखी. "थांबा भावजी," मी म्हटलं, "मी आणते. मला पायऱ्यांची सवय आहे." बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, हसते पण पळते पण तीच. मी घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस. मग अक्कांच्या कानाशी वाकले आणि राहिलेलं दुसरं वाक्य दिलं.

"हलू नका हं, अक्का. हललं की नवस मोडतो."

अक्कांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या रडत नव्हत्या. अगदी हळू म्हणाल्या, "पालखीखाली ठेवलेस ना?"

मी वाकलेली तशीच राहिले.

"पेटाऱ्याच्या डाव्या अंगाला असतील. उजवीकडं उंदराचं बीळ आहे. मी पण डावीकडंच ठेवले होते."

"तुम्ही?"

"अडुसष्ट किलो कुठला आंधळा म्हणाला असता गं तुला? दुकानदाराला मी नऊच सांगितले होते. सात बाहेर ठेवले, दोन आत." त्यांनी पदर नीट केला, लांबून बघणाऱ्याला वाटावं दोघी देवाधर्माचं बोलताहेत. "तुझा नवरा बाजारातून दुसरे घेऊन आला, मग ते दोन मी जत्रा पांगल्यावर घरी नेऊन कोठीत टाकले. आज सकाळी ते तिथं दिसले नाहीत."

"का पण? मी काय केलं होतं तुमचं?"

"तू काही नाही केलंस. तुझं लग्न व्हायच्या आधी मला कावीळ झाली होती. दोन महिने पडले होते, डोळे हळदीसारखे. सासूबाईंनी माझ्यासाठी देवीला खडीसाखरेचा खडा बोलला नाही. आणि तुला ताप आला तर गूळतुला."

"मग त्यांच्यावर काढायचं होतं. माझ्यावर का?"

"त्यांच्यावर काढायची हिंमत असती तर तुझ्यावर कशाला काढलं असतं?" मग म्हणाल्या, "हा नवस पण माझा मीच बोलले. दुसरं कोण बोलणार होतं? जा आता, आण. पायाला मुंग्या आल्यात."

मी ओवऱ्यांकडं चालायला लागले. पायऱ्यांकडं जायचं सोंग करायचंही भान राहिलं नाही, पण गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या ओवरीत शिरले, पालखीमागं वाकले, फडकं सोडलं. झिजलेला रवा समोर होता. माझ्या खांद्याचा खळगा त्याला पडलेला.

दया आली. नाही कशाला म्हणू. कावीळ झालेली, नव्यानं सासरी आलेली पोर डोळ्यांपुढं आली, आणि दोन्ही रवे उचलून धावत जावं असं वाटलं. एक उचललाही. त्याचं वजन हाताला लागलं आणि एकदम ध्यानात आलं, की वर्षभर मी छातीशी धरून, मुंग्या झाडत, रडत जो दोनशे बारा पायऱ्या चढवत होते तो हाच रवा. माझ्यापासून लपवलेला. हा त्या दिवशी इथंच होता, माझ्यापासून वीस पावलांवर, आणि मी तिकडं हळदकुंकू लावून घेत बसले होते.

मी रवा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.

ओवरीच्या दारातून घड्याळ दिसत होतं. अक्का पाठमोऱ्या दिसत होत्या. गजरा एका बाजूला घसरला होता, तो नीट करायला त्यांनी हात वर केला नाही, पारडं हलेल म्हणून. कुणी एक बाई त्यांना हळदकुंकू लावून गेली. दहा चाळीसला सासूबाई उठून त्यांच्यापर्यंत गेल्या आणि परत जागेवर येऊन बसल्या. भावजी कठड्यापाशी उभे राहून खाली वाटेकडं बघत होते. पहिली दहा मिनिटं मला गोड लागली. पुढची तीस लागली नाहीत, पण मी ती सोडली नाहीत. मला कुणी एक मिनिट कमी करून दिलं नव्हतं.

अकराला मी दोन्ही रवे खांद्यावर घेतले, मागच्या दिंडी-दरवाजातून वळसा घातला आणि पायऱ्यांच्या तोंडाकडून आत आले. सहावा ठेवला. सातवा ठेवला, तो झिजलेला; गुरवानं तो हातानं जोखून आठ किलोचा धरला. अक्कांचं पारडं हळूच उठलं आणि दोन्ही समान झाली. गुरवानं आकडा सांगितला, अडुसष्ट. गेल्या वर्षी मी अक्कांना माझं खोटं वजन सांगितलं होतं तेच त्यांचं खरं निघालं, आणि ते आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

अक्कांना दोघांनी धरून उतरवलं. पाय टेकताच त्या लडखडल्या, मग सरळ माझ्यापाशी आल्या. मला वाटलं आता सगळ्यांदेखत सांगणार. मी तयार होते. त्यांनी सांगितलं असतं तर मीही सांगितलं असतं.

त्यांनी मला मिठी मारली.

"बायांनो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझी जाऊ बघा! चाळीस मिनिटांत दोनशे बारा पायऱ्या उतरून, बाजारात जाऊन, दोन रवे घेऊन वर आली. कुणासाठी? माझ्यासाठी! ऑपरेशनपास्नं मला लेकीसारखं सांभाळलंय तिनं. घाम बघा किती आलाय पोरीला!" आणि आपल्या अंजिरी पदरानं त्यांनी माझं कपाळ पुसलं.

माझं कपाळ कोरडं ठणठणीत होतं. ते त्यांच्या पदराला कळलं आणि माझ्या कपाळाला. पुसताना त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. सासूबाई रडायला लागल्या, ढोल वाजला, आणि एक पोरगेलीशी बाई येऊन चक्क माझ्या पाया पडली. त्या पाया पडण्यानं मी जेवढी लाजले तेवढी पारड्यात बसून लाजले नव्हते.

त्यानंतर दरवर्षी जत्रेला अक्का ती गोष्ट सांगतात. नव्या सुनांना सांगतात, पाहुण्यांना सांगतात, गुरवाच्या नातवाला सांगतात. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यालासुद्धा सांगितली. प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून सांगतात आणि प्रत्येक वेळी मला मान खाली घालून हसावं लागतं. 'नाही, मी गेलेच नव्हते' असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. माझा सूड चाळीस मिनिटांचा होता. त्यांचा अठ्ठावीस वर्षं चाललाय.

गेल्या जत्रेला अक्कांच्या लेकाची सून, केतकी, पुण्याहून आली होती. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दुपारी आम्ही दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसलो होतो, तिथं येऊन तिनं विचारलं, "धाकट्या आजी, तुम्ही म्हणे एका वर्षात बावीस किलो उतरवले होते. खरंच? वजन कमी करायला सगळ्यात चांगला व्यायाम कुठला?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या.

"सावकाश चालायचं गं, ह्या दारापासून त्या दारापर्यंत. पायऱ्या चढायच्या नाहीत. पायऱ्या तर अजिबात नाहीत." मग पदराखालून बोट काढून माझ्याकडं दाखवलं. "मला हिनंच सांगितलं होतं. हिच्यासारखी काळजी कोण करतंय?"

केतकी हसली. तिला काय कळणार. मी उठले, आत गेले, डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला आणि अक्कांच्या बशीत दोन आणून ठेवले. त्यांनी माझ्याकडं बघत बघत दोन्ही खाल्ले.